विम्याचे महिने

आमच्या गाडीचा विमा उतरवला की हे घरी येत आणि विमा संपला की मुंबईला जात. माझ्या संसारातली दहाएक वर्षं अशी गेली. पहिल्यांदा विमा वर्षाचा असे. मग तो आठ महिन्यांचा झाला, मग चारांचा, आणि दर खेपेला दर वाढला तसा माझ्या वाट्याचा काळ आखडत गेला. आज हे सांगताना वाटतं की एवढ्या मोठ्या कंपनीत कुठेतरी बसून दर ठरवणाऱ्यांना मालवणच्या किनाऱ्यावरची एक बाई ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्यांनी आकडा बदलला की माझी दिवाळी बदलत असे.

लग्न होऊन मी मालवणात आले तेव्हा गाडी आधीच आलेली होती. हे मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठने नवी गाडी घेतली आणि जुनी ह्यांना स्वस्तात दिली. काळपट हिरव्या रंगाची, लांबलचक, अमेरिकेत बनलेली गाडी. मागच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये घडी घालून ठेवायच्या दोन छोट्या खुर्च्या होत्या. आमच्या वाडीत गाबितांची घरं जास्त. दारात होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि त्यांत ही एकटी गाडी. मी नवी नवरी, पण वाडीतल्या बायका मला बघायला आल्या की आधी गाडीवरून हात फिरवत आणि मग माझ्याकडे वळत.

गाडी भाड्याने चालायची. आगबोट बंदराबाहेर लागली की पडावातून मुंबईची माणसं ट्रंका, वळकट्या घेऊन उतरत, आणि ज्यांना कट्ट्याला, कुडाळला किंवा आत कुठे जायचं असे ती ह्यांच्याकडे येत. लग्नाची वऱ्हाडं असत. आजारी माणूस मिरजेला न्यायचा असे. एस.टी. चालू झाली होती, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. ह्यांचं गिऱ्हाईक तुटत नव्हतं. गाडी धुऊन, पुसून, पांढरा सदरा घालून हे सकाळी निघत, आणि जेवायला कधी दुपारी तर कधी दिवेलागणीला येत. पहिली दोन वर्षं अशी होती. त्या वेळी मला ती साधीच वाटली.

विम्याची गोष्ट मला कळली ती तिसऱ्या वर्षी. आमच्याकडे विम्याचा एजंट येई. मूळचा बेळगावकडचा, बाजारात खोली घेऊन राहिलेला, काळी टोपी, सायकल आणि सायकलला अडकवलेली छत्री. माणूस चांगला. आमच्याशी शुद्ध मराठीत बोले, त्यामुळे आम्हीही त्याच्याशी कचेरीत बोलावं तसं बोलत असू. त्या दिवशी तो पडवीत बसला, चहा घेतला, आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिला. मग त्याने सांगितलं की भाड्याच्या गाड्यांचे दर कंपनीने वाढवले आहेत. घाटात अपघात फार झाले, गाड्यांची भरपाई देऊन कंपनी थकली, आणि शिवाय आमची गाडी आता जुनी धरली जाते.

माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणत असे, उभं आयुष्य गलबतावर तांडेल होते. मालवणहून मंगळूर, कधी वेरावळ. त्यांना समजेना की घाटात पडली दुसऱ्याची गाडी आणि जादा पैसे आपण का भरायचे. एजंटने शांतपणे समजावलं की सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याचं नुकसान होईल त्याला त्यातून द्यायचं. मामंजींना ते लगेच पटलं. म्हणाले, वादळात गलबत हलकं करायला माल समुद्रात टाकायला लागला तर ते नुकसान सगळे व्यापारी वाटून घेत, तसंच हे. मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "पण आमका ठावक आसायचा, कोणाचो माल टाकलो तो. हडे कोणाची गाडी पडली ताच ठावक नाय."

एजंट हसला. म्हणाला, "ते मलाही ठाऊक नसतं."

त्या वर्षी ह्यांनी गाडीतल्या त्या दोन छोट्या खुर्च्या काढून टाकल्या. उतारू जितके बसणार तितका विमा जास्त, म्हणून जागाच कमी केल्या. खुर्च्या घरात आल्या. एक मामंजींनी पडवीत ठेवून घेतली आणि दुसरी मी मागच्या दारी, चुलीसाठी माडाची सुकी चुडतं ठेवत असू तिथे नेली. मासे आणायला गेलेली शेजारीण परत येईपर्यंत मी तिच्यावर बसत असे. कातड्याला पेट्रोलचा आणि मुंबईच्या कुठल्यातरी अत्तराचा वास होता. तो बरीच वर्षं गेला नाही.

पुढच्या वर्षी दर पुन्हा वाढला. हे कोल्हापूरला कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या साहेबाला सांगितलं की आजवर माझ्या गाडीला एकदाही अपघात नाही, एक दिवा फुटल्याचे पैसेसुद्धा मी मागितलेले नाहीत. साहेबाने कागद काढून बघितले, खरं आहे म्हणाला, आणि त्याबद्दल थोडी सूटही दिली. पण वाढ मोठी होती आणि सूट लहान. हे परत आले ते एस.टी.ने धुळीत न्हाऊन. अंघोळ करून जेवायला बसले आणि कितीतरी वेळ भात नुसता कालवत राहिले.

तेव्हा मामंजी म्हणाले, "पावसात सगळे होडी वर वढतत. मगे गाडी कित्याक रस्त्यार ठेवतस? तिका पण वर वढ."

बोलणं सरळ होतं. पावसात आगबोट बंद, रस्त्यांवर चिखल, खाड्या ओलांडायच्या तरी बंद, भाडी नाहीतच. मग त्या चार महिन्यांचा विमा कशाला? एजंटला विचारलं तर तो म्हणाला की आठ महिन्यांचा देता येतो, महिन्याला दर थोडा चढा पडतो, पण एकूण पैसे वाचतात. ठरलं तसं. मेअखेरीस गाडी मांगरात गेली. मांगर म्हणजे आमच्या परसातली, माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेली मोठी खोप, आधी तिथे भात-पेंढा ठेवत. शेजारच्या गाबितांनी त्याच आठवड्यात आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या. गाडीलाही चाकांखाली फळ्या घातल्या, वरून गोणपाट टाकलं. शेजारीण मला म्हणाली की आता तुझ्या घोवालाही चार महिने विश्रांती.

विश्रांती कुठली? विम्याचे पैसे उभे करायचे तर पावसातही कमवायला हवं. मुंबईत ओळखीच्या एका मालकाची टॅक्सी होती, तिच्यावर बदली ड्रायव्हर म्हणून ह्यांना काम मिळत होतं. शेवटच्या बोटीने हे गेले.

जाण्याआधी त्यांनी मला मांगरात नेलं आणि गाडीत बसवलं, तेही ड्रायव्हरच्या जागी. मी आत बसल्यावर साडी सावरत राहिले, तर म्हणाले, लाजू नको, इथे कोण बघतंय. गाडी नुसती उभी राहिली तर तिची बॅटरी मरते, म्हणून दर शनिवारी ती चालू करायची आणि थोडा वेळ तशीच ठेवायची. किल्ली कशी फिरवायची, पाय कुठे ठेवायचा, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "कान दी. आवाज बदललो तर बंद कर आणि माका कळव."

रस्त्यावर जाण्याचा प्रश्न नव्हता. विमा नसताना गाडी फाटकाबाहेर काढायची नाही हा त्यांचा नियम होता. मुंबईत त्यांच्या ओळखीच्या एकाने विमा संपल्यावर दोनच दिवस टॅक्सी चालवली, त्यात एक माणूस जखमी झाला, आणि त्याच्या गावची जमीन गेली. हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पुढे एकदा विमा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका ओळखीच्या घरचं वऱ्हाड दारात आलं. बसमध्ये जागा मिळाली नाही, मुहूर्त जवळ आला, पैसे म्हणाल तितके देऊ. ह्यांनी गाडी काढली नाही. बैलगाड्या जमवून दिल्या आणि नवऱ्यामुलाच्या आत्याची ट्रंक डोक्यावर घेऊन स्वतः कुंभारमाठापर्यंत चालत पोचवायला गेले. माणसं नाराज झाली. आमचा ड्रायव्हर कागदाला भितो असं गावात काही दिवस बोलत होते. 

तर मी दर शनिवारी गाडी चालू करू लागले. पहिल्यांदा इंजिन गुरगुरलं तेव्हा मी दचकून पायच उचलला आणि ते बंद पडलं. मांगराच्या दाराशी शेजारच्या बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या, त्या हसून हसून बसल्या. दोन-तीन शनिवारांनी जमलं. बाहेर पाऊस झापांवर वाजत असे आणि आत गाडी संथपणे धडधडत असे. मी समोरच्या काचेतून मांगराच्या कुडाकडे बघत बसे. काम संपलं तरी उठवत नसे. त्या जागेवर बसलं की ह्यांच्या बसण्याने गादीला पडलेल्या खळग्यात आपण बसलोय हे जाणवे. ते मी कुणाला सांगितलं नाही. पत्रात लिहीत असे ते एवढंच, की गाडी बरी आहे, आवाज तसाच आहे.

दसऱ्याला हे परत आले आणि गाडीला झेंडूचा हार घालून रस्त्यावर काढली. दिवाळी घरात झाली. अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. मग एजंट पुन्हा चहा पिऊन पावसापाण्याचं बोलत बसला. दर पुन्हा वाढला होता. आणि आता एस.टी.च्या फेऱ्याही वाढल्या होत्या, आमचं गिऱ्हाईक कमी झालं होतं. आठ महिन्यांचा विमा परवडेना. ह्यांनी हिशेब केला आणि संक्रांतीपासून मेपर्यंतचा विमा घेतला. म्हणजे दसरा गेला, दिवाळी गेली. मुंबईला लोकांच्या दारांत कंदील लागलेले असताना हे दुसऱ्याच्या टॅक्सीतून माणसं पोचवत असत.

त्याच वर्षी आमची मुलगी झाली. हे मुंबईत होते. संक्रांतीला आले तेव्हा ती तीन महिन्यांची होती, पुढच्या वर्षी आले तेव्हा चालत होती. बंदरावरून पायी आलेल्या माणसाला बघून ती माझ्या पदराआड लपली. हे तिच्यासाठी लाकडाचं बाहुलं घेऊन आले होते, ते तिने लांबून घेतलं पण त्यांच्याकडे जाईना. दुसऱ्या दिवशी एजंट कागद देऊन गेला. हे मांगरात गेले, गोणपाट काढलं, आणि गाडी दारासमोरच्या खळ्यात आणली. त्याबरोबर मुलगी धावत गेली आणि त्यांच्याकडे हात पसरले. मी तिला घेऊनच दर शनिवारी गाडीत बसत असे, ते ती विसरली नव्हती. ह्यांनी तिला उचलून मांडीवर बसवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेका गाडयेची वळख आसा. बापाशीची नाय."

मी म्हटलं, होईल ओळख. दुसरं काय म्हणणार?

पुढल्या एका वर्षी एजंटने सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी त्याला दोनदा विचारलं. मग विमा शिमग्यापासून झाला. शिमगा ते मे. मी बोटांवर महिने मोजायचं सोडून दिलं. आंबे मोहरले की आता येतील, एवढं मनाशी धरायचं. मोहराचा वास सुटला की मला आजही, ह्या वयात, उगाच दाराकडे बघावंसं वाटतं.

मामंजी एकदा एजंटला म्हणाले की तू आमच्या सुनेचा नवरा कापून कापून नेतोस. गमतीने बोलले, पण एजंटचा चेहरा उतरला. जाताना तो मागच्या दाराने आला आणि मला म्हणाला, "वहिनी, दर माझ्या हातात नाहीत. असते तर पहिला तुमचाच कमी केला असता." मला त्याची दया आली. त्याचीही बायको बेळगावला होती. वर्षातून किती वेळा भेटत असतील कोण जाणे.

शेवटच्या वर्षी त्याने स्पष्टच सांगितलं. इतक्या जुन्या गाडीचा भाड्यासाठीचा विमा कंपनी आता घेणार नाही. घरगुती वापराचा, तोही थोड्या मुदतीचा, तो अजून मिळवून देऊ शकेल. घरगुती म्हणजे भाडं घ्यायचं नाही. एजंटला वाटलं हे नको म्हणतील, कारण ज्या गाडीने कमवायचं नाही तिच्यावर खर्च कोण करणार? ह्यांनी थोडा वेळ गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "द्या मे महिन्याचा."

तो गेल्यावर मी विचारलं की हे कशाला केलंत. तर म्हणाले, "इतकी वर्सा गाडी गावाक फिरवली. तू खंय बसलंस तिच्यात?"

खरंच बसले नव्हते. म्हणजे मांगरात शेकडो वेळा बसले होते. रस्त्यावर कधी नाही. गाडी निघे ती भाड्याला, आणि भाडं असताना घरचं माणूस बसवून चालत नसे. माहेरीसुद्धा मी एस.टी.नेच जात असे.

आम्ही धामापूरला जायचं ठरवलं. भगवतीची ओटी भरायची आणि तळ्यावर डबा खायचा. मामंजींना चला म्हटलं तर म्हणाले की दर्यात कधी उलटी झाली नाही, पण रस्त्यावर मला मळमळतं. तुम्ही जा. सकाळी मी भाकऱ्या केल्या, काजूगरांची उसळ केली, मुलीला परकर-पोलका घातला. शेजारणीने माझ्या केसांत सुरंगीचा वळेसर माळला. गाडीत मी पुढे, ह्यांच्या शेजारी बसले. वाडीतून निघेपर्यंत मला मान वर करवेना, सगळ्या दारांतून बायका बघत होत्या. कुंभारमाठाचा चढ लागला आणि मग मी समोर बघितलं.

चौके गावापर्यंतचा रस्ता लाल, दोन्ही बाजूंना काजू आणि करवंदांच्या जाळ्या. हे फार हळू चालवत होते. मला वाटलं गाडी जुनी म्हणून, पण नंतर कळलं की ते मुद्दाम होतं. मध्येच थांबून त्यांनी पानाच्या द्रोणात करवंदं तोडून आणली. मुलगी मागच्या सीटवर उभी राहून वाटेतल्या गुरांना हाका मारत होती. ह्यांचा एक हात चाकावर आणि एक खिडकीत होता. ते चालवताना असे बसतात हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना काम करताना पहिल्यांदाच बघत होते.

देवळात ओटी भरून आम्ही तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. मे महिना असूनही पाणी हिरवंगार आणि भरलेलं, चारी बाजूंनी झाडी वाकलेली. मुलगी पाण्यात पाय सोडून बसली. भाकरी खाऊन झाल्यावर हे म्हणाले,

"फुडच्या वर्सा ह्या गाडयेचो विमो कोण उतरवचो नाय."

"मगे?"

"इकूची."

"आणि तुमी?"

त्यांनी रिकामा डबा पाण्यात विसळायला घेतला. बोलायची गरजही नव्हती. गाडी नाही म्हणजे घरी येण्याचं कारणही नाही, वर्षाकाठी सुट्टी मिळेल तेवढीच. महिनाअखेरच्या शेवटच्या बोटीचं तिकीट काढायला त्यांनी माणसाला सांगून ठेवलं आहे, हे मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी थांबा म्हटलं नव्हतं. विमा संपला की जायचं, हे घरात इतकं मुरलं होतं की त्यावर बोलता येतं हेच मला सुचलं नव्हतं. त्या पायऱ्यांवर ते सुचलं.

मी म्हटलं, "गाडयेक रस्त्यार जावक विमो लागता. माणसाक घरात रवाक लागना नाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "मालक टॅक्सी दुसऱ्याक देतलो."

"देवंदे."

"पावसात हडे काय करू?"

"काय करू नकात. रवा."

त्यावर ते उठले. मुलीला उचललं, तिचे ओले पाय आपल्या धोतराने पुसले. परत येताना वाटेत एकदाही बोलले नाहीत, आणि मला वाटलं की मी बोलून चुकले. बाजारात पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला लावली, उतरून तिकीट काढणाऱ्या माणसाकडे गेले आणि परत आले. गाडी चालू करताना म्हणाले की तिकीट नको म्हणून सांगितलं.

त्या महिन्यात आम्ही आणखी कुठे कुठे गेलो. कट्ट्याच्या बाजाराला गेलो, माझ्या माहेरी गेलो. शेजारच्या दोन म्हाताऱ्या गाबितणींना हे मुद्दाम घेऊन गेले, त्यांनी मोटार बघितली होती पण जन्मात आत बसल्या नव्हत्या. भाडं विचारलं तर म्हणाले की विम्यात बसत नाही. त्या दोघी दुसऱ्या दिवशी टोपलीभर तारली मासळी आमच्या दारात ठेवून गेल्या. विम्याच्या शेवटच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत ह्यांनी गाडी मांगरात लावली, चाकांखाली फळ्या घातल्या.

आणि मग बोट गेली. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो, भोंगा ऐकू आला. हे उठले नाहीत.

तो पावसाळा मला सगळाच्या सगळा आठवतो. हे शेतात चिखलात उतरले, लावणीला माझ्या शेजारी वाकले. ड्रायव्हर माणूस, त्यांची ओळ वाकडी जाई आणि पैऱ्याला, म्हणजे कामाची फेड कामाने करायला आलेल्या बायका चिडवत. मांगराचे झाप त्यांनी मामंजींकडून विणायला शिकून घेतले. दुपारी पाऊस धरला की पडवीत मामंजी आणि हे पत्ते खेळत, मुलगी मध्ये लुडबुडत असे. सुके बांगडे भाजल्याचा धूर घरभर कोंडे आणि त्यातून ह्यांचा आवाज येई, "पेज झाली काय गो?" एवढंच. वर्षानुवर्षं दुपारी पेज मी आणि मामंजी न बोलता जेवत असू. आता कुणीतरी आतल्या खोलीतून पेज झाली का विचारत होतं, आणि मी उत्तर द्यायला मुद्दाम उशीर करी, म्हणजे ते पुन्हा विचारतील.

शनिवारी गाडी चालू करायला त्यांनी मलाच पाठवलं. म्हणाले, तुझा हात बसलाय. मी इंजिन चालू केलं आणि ते दाराशी उभे राहून ऐकत राहिले. मग आत येऊन शेजारी बसले. पाऊस इतका होता की बोललेलं ऐकू आलं नसतं. 

गणपतीत गाडीचं गिऱ्हाईक आलं, कुडाळकडचा एक माणूस. त्याला तिचं इंजिन हवं होतं, भाताच्या गिरणीसाठी. एजंटही त्या दिवशी सहज आला होता, तो म्हणाला की तुम्ही इतकी वर्षं भरलेले पैसे कुणाकुणाच्या मोडक्या गाड्यांना लागले असतील. मामंजी म्हणाले, बरं झालं, लागले ना. मलाही तसंच वाटलं. कुणीतरी अनोळखी बाई असेल, जिच्या नवऱ्याची गाडी घाटात पडली आणि आमच्या पैशांतून पुन्हा उभी राहिली. तो घरी आला असेल. असं वाटलं की बरं वाटे. लॉरीला दोर बांधून गाडी नेली तेव्हा हे फाटकापर्यंत गेले. मुलगी रडली, तिला मी आत नेलं.

मालकाने टॅक्सी खरंच दुसऱ्याला दिली होती. दसरा झाल्यावर हे मुंबईला गेले आणि दोन महिने बिनकामाचे राहिले. नंतर एका कारखान्याच्या लॉरीवर लागले, पगार कमी, सुट्टी त्याहून कमी. त्याबद्दल त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मीच कधी कधी म्हणे की मी थांबवलं नसतं तर टॅक्सी राहिली असती. तेव्हा ते दुसराच विषय काढत. डोळे अधू झाल्यावर कायमचे घरी आले, पण तोवर मामंजी नव्हते, मुलगी सासरी गेली होती, आणि ह्यांना चिखलात उतरवत नव्हतं. आम्ही दोघं पडवीत बसत असू. चार-पाच वर्षं बसलो. मग मी एकटी.

पाऊस लागला की अजून दुपारी पेज करते. एकटीला पेज फार होते, तरी करते. चुलीपाशी बसून ती शिजेपर्यंत आतल्या खोलीकडे माझे कान असतात, आणि शिजली तरी थोडा वेळ मी ती उतरवत नाही.